‘ओन्ली’ मूळचा कुठला, आणि आपण तो शेवटीच का चिकटवतो?

अनगोळची_लेक

प्रश्न इंग्रजीचा आहे, पण इंग्रजीच्या ग्रुपवर विचारलं की लोक आधी स्पेलिंग दुरुस्त करतात आणि उत्तर देतच नाहीत. म्हणून इथं विचारतेय.

माझी धाकटी बहीण बेंगळुरूच्या एका कंपनीत आहे. सध्या घरातनंच काम करायलीय. लंडनच्या साहेबानं मेल पाठवून विचारलं, या आठवड्यात तू कुठं असशील? हिनं उत्तर दिलं, ‘आय विल बी इन बेळगावी ओन्ली दिस वीक.’ हिच्या मनात असं की बेळगावातच असणार, कुठं जाणार नाही. साहेबानं वाचलं ते असं: फक्त हा आठवडा बेळगावात, पुढच्या आठवड्यात परत बेंगळुरूत. त्यानं सोमवारी सकाळची समोरासमोरची मीटिंग लावून टाकली. आता रविवारी रात्रीच्या बसचं तिकीट शोधत बसलोय. बहीण म्हणते साहेबाला इंग्रजी वाचता येत नाही. बाबा म्हणतात तुलाच लिहिता येत नाही. घरात दोन पक्ष पडलेत.

मला विचारायचंय ते एवढंच, की हा ‘ओन्ली’ शब्द आला कुठून? ‘वन’वरनं आला असं शाळेत सांगितलं होतं. मग एकाचा उच्चार ‘वन’ आणि दुसऱ्याचा ‘ओन्ली’, हे कसं? आणि आपण ‘टुडे ओन्ली’, ‘हिअर ओन्ली’ म्हणतो, ते खरंच चूक का?

कॅम्पातला_पोरगा

‘वन’वरनं नाही ओ ताई. ‘ओन’ म्हणजे स्वतःचा, त्याला ‘ली’ लागला. ज्याचं त्याचंच ते, म्हणून ओन्ली. सरळ हाय की.

शहापूरचा_कंपोझिटर

ताई, तुमच्या शाळेत बरोबर सांगितलं होतं. कॅम्पातल्या भावांनी सांगितलेला ‘ओन’ हा वेगळ्या घरचा. त्याचं जुनं रूप ‘आगेन’ असं होतं आणि त्याचा अर्थ आपल्या ताब्यातला, मालकीचा. ‘ओन्ली’शी त्याचं काही नातं नाही, आता ऐकायला दोन्ही सारखे वाटतात एवढंच.

मी कोणी इंग्रजीचा प्रोफेसर नाही. शहापुरात छापखान्यात खिळे जुळवण्यात उमर गेली. मराठी, कानडी आणि इंग्रजी अशा तिन्ही केसेस, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेट्या, माझ्यापुढं मांडलेल्या असायच्या. प्रुफं वाचायची म्हणून शब्दकोश चाळायची सवय लागली आणि ती सुटली नाही. ‘ओन्ली’ तर आमचा रोजचा गिऱ्हाईक. सोसायट्यांची पावती पुस्तकं असायची ना, त्यात ‘रुपीज’ आणि शेवटी ‘ओन्ली’, मधे कोरी रेघ. ती ओळ प्रत्येक वेळी कोण जुळवणार? एकदा जुळवायची, दोऱ्यानं घट्ट बांधायची आणि फळीवर ठेवून द्यायची. नवीन सोसायटीचं काम आलं की वरचं नाव तेवढं बदलायचं.

आता उच्चाराची गंमत बघा, कारण तुमचा तो प्रश्न बरोबर नेमका आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत एकाला ‘आन’ म्हणायचे. दगडाला ‘स्टान’, हाडाला ‘बान’, घराला ‘हाम’. पुढं या सगळ्यांतला ‘आ’ वळत वळत ‘ओ’ झाला, म्हणून आज आपण स्टोन, बोन, होम म्हणतो. त्याच वाटेनं ‘आन’चा ‘ओन’ व्हायला पाहिजे होता. झालाही होता. ‘अलोन’ म्हणजे ‘ऑल’ अधिक ‘वन’, सगळा मिळून एकटा. त्यात तो जुना ‘ओन’ अजून ऐकू येतो. ‘अटोन’, म्हणजे प्रायश्चित्त घेणं, हा शब्द ‘अ‍ॅट’ अधिक ‘वन’ असा जोडलेला. भांडण मिटवून एक होणं हा त्याचा पहिला अर्थ. त्यातही ‘ओन’च.

मग ‘वन’ हा उच्चार कुठला? इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या आणि नैर्ऋत्येच्या गावंढळ बोलीतला. बायबलचं इंग्रजी भाषांतर करणारा विल्यम टिंडेल हा ग्लॉस्टरशायरकडचा माणूस. सोळाव्या शतकात त्यानं हा शब्द आपल्या गावाकडं बोलतात तसा, ‘डब्ल्यू’ लावून लिहिला. शहरी लोक तेव्हा तसं बोलत नव्हते. पण हळूहळू तोच उच्चार सगळीकडं पसरला आणि अठराव्या शतकापर्यंत साहेबलोकही ‘वन’ म्हणायला लागले. स्पेलिंग मात्र जुन्या उच्चाराचं राहिलं. म्हणून लिहिताना ओ आणि बोलताना व. आणि ‘ओन्ली’पर्यंत ती हवा पोचलीच नाही, तो आपला जुन्या पद्धतीनंच राहिला. तेव्हा विचारायचं असेल तर उलटं विचारा, ‘ओन्ली’ असा का नव्हे, ‘वन’ असा का! वाकडा चाललाय तो ‘वन’.

‘ओन्ली’चं जुनं रूप होतं ‘आन्लीच’. होय, शेवटी च. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चष्मा पुसून परत बघितलं. ‘लीच’ म्हणजे शरीर, आकार, रूप. आजचा ‘लाइक’, म्हणजे सारखा, हा त्याच घरातला. इंग्लंडात चर्चच्या आवाराच्या ज्या दारात तिरडी टेकवायची पद्धत होती त्याला ‘लिच गेट’ म्हणतात, त्यातला ‘लिच’ म्हणजे मढं. जर्मन भाषेत प्रेताला अजून ‘लाइशे’ म्हणतात, तोही यांचाच भाऊबंद. ‘स्लोली’, ‘क्विकली’, ‘डेली’ या सगळ्यांची शेपटी म्हणजे हेच शरीर झिजून झिजून राहिलेलं.

तर ‘आन्लीच’ म्हणजे ‘एका रूपाचा’, ज्याच्यासारखा दुसरा नाही असा. सुरुवातीला ते विशेषण होतं आणि त्याचा एक अर्थ चक्क देखणा, अप्रतिम असाही व्हायचा. ‘ओन्ली चाइल्ड’मधे, म्हणजे एकुलत्या एका पोरात, तो विशेषणपणा अजून शिल्लक आहे. ‘फक्त’ या अर्थाचं क्रियाविशेषण नंतरचं.

तो शेवटचा च पुढं गळून पडला, पण सगळीकडनं नाही. ‘सच’ हा शब्द ‘सो’ आणि ‘लीच’ मिळून झालेला, म्हणजे ‘असा-सारखा’. ‘विच’ म्हणजे ‘कोणा-सारखा’. ‘ईच’मधेही तोच. या तिघांनी च धरून ठेवला, ल सोडला. ‘ओन्ली’नं ल ठेवला, च सोडला.

आता कोणीतरी लगेच लिहील की बघा, इंग्रजांनी च मराठीतनं नेला. तसं काही नाही. आपला च प्राकृतातनं आलेला आहे. हेमचंद्र नावाच्या जुन्या जैन पंडिताच्या प्राकृत व्याकरणात ‘च्चिअ’, ‘च्च’ असे शब्द दिलेत आणि त्यांचं काम सांगितलंय ‘अवधारण’, म्हणजे ठासून सांगणं. संतांच्या ओव्या-अभंगांतला ‘तोचि’, ‘ऐसेंचि’ हा मधला टप्पा. त्या च आणि या च यांची गाठ योगायोगाची आहे. खरं नातं दुसरीकडं आहे. आपला ‘एक’, इंग्रजांचा ‘वन’ आणि लॅटिनचा ‘ऊनुस’ हे तिन्ही शब्द एकाच फार जुन्या मुळापासून निघालेत, शेवटचा प्रत्यय तेवढा वेगवेगळा लागला.

राहिलं तुमच्या बहिणीचं वाक्य. माझ्या मते तिचं इंग्रजी कच्चं नाही. ती मराठीतला च इंग्रजीत घालायलीय, आणि इंग्रजीत च नाही.

छापखान्यातलंच उदाहरण देतो. आमच्याकडं लग्नपत्रिका तिन्ही भाषांत निघायच्या. एका घरचे सोयरे कोल्हापुरात, दुसरे धारवाडला, मुलाचे मित्र पुण्या-मुंबईला. पत्रिकेच्या तळाला आहेर नको म्हणून एक ओळ असते. मराठीत ‘आपला आशीर्वाद हाच आहेर’. कानडीत ‘आशीर्वादवे उडुगोरे’. इंग्रजीत ‘ब्लेसिंग्ज ओन्ली’. एकाखाली एक तीन ओळी लावल्या की दिसतं, मराठीत च, कानडीत शब्दाला चिकटलेला ए, आणि त्यांच्या जागी इंग्रजीत ओन्ली. आपल्या तिन्ही भाषांचा हिशेब बेळगावात असा रोज जुळवला जातो. त्यातनंच ‘टुडे ओन्ली’ आणि ‘हिअर ओन्ली’ जन्माला आले.

पण दोन्हींच्या कामात फरक आहे. इंग्रजांचा ओन्ली कुंपण घालतो, बाकीच्यांना बाहेर काढतो. ‘मेंबर्स ओन्ली’, म्हणजे दुसरा कोणी आत यायचा नाही. आपला च तेही करतो, पण नुसता जोरही देतो. ‘मी येणारच’, ‘तो आजारीच होता’, ‘आत्ताच आलो’. या च मधे कोणाला बाहेर काढलंय? कोणालाच नाही. तिथं इंग्रज माणूस आवाज चढवतो, नाहीतर वेगळा शब्द वापरतो. मेलमधे आवाज चढवता येत नाही. आणि ओन्ली हा ‘बेळगावी’ आणि ‘दिस वीक’ यांच्या बरोबर मधे बसल्यावर साहेबानं तो पुढच्या शब्दाला जोडला, यात त्याचा काय दोष? इंग्रजीत सहसा तो पुढच्यालाच लागतो.

चिकोडीचा_मास्तर

कंपोझिटरकाकांनी पत्रिकेचं छान काढलं. आमच्या घरात कानडी, गल्लीत मराठी, म्हणून थोडी भर घालतो.

कानडीत ‘इल्लि’ म्हणजे इथं, ‘इल्ले’ म्हणजे इथंच. ‘अवनु’ म्हणजे तो, ‘अवने’ म्हणजे तोच. शेवटचा स्वर बदलला की काम झालं, च लावायचीही गरज नाही. आणि ही सवय फक्त बेळगावची नाही बरं का. हिंदीत ‘ही’ आहे, तमिळमधे ‘तान’ आहे. सगळे शब्दाच्या मागं उभे राहतात. म्हणून चेन्नईपासून दिल्लीपर्यंत लोक ‘येस्टरडे ओन्ली आय टोल्ड यू’ म्हणतात आणि एकमेकांना बरोबर कळतं. फसतो तो बाहेरचा.

पण मला ‘मात्र’ची गोष्ट जास्त गमतीची वाटते. संस्कृत शब्द एकच. कानडीनं तो ‘फक्त’ या अर्थी ठेवला. ‘महिळेयरिगे मात्र’ म्हणजे फक्त महिलांसाठी. मराठीत तो ‘नाममात्र’, ‘क्षणमात्र’ अशा शब्दांत त्या अर्थानं राहिला, पण एकटा आला की बहुतेकदा ‘पण’ होऊन बसतो. ‘सगळे गेले, मी मात्र गेलो नाही.’ आमच्याकडं एका दुकानापुढं कानडीवरनं शब्दाला शब्द ठेवून मराठी पाटी केली होती, ‘दुचाकी वाहनांसाठी मात्र’. मी दरवेळी थांबून वाट बघायचो. दुचाकी वाहनांसाठी मात्र काय? पुढं काहीच नाही, तिथं दुचाक्या लावलेल्या.

शहापूरचा_कंपोझिटर

मास्तर, त्या पाट्या मीही बघितल्यात, आणि त्यातल्या काहींचा मजकूर आमच्याच छापखान्याच्या दारात बसून लिहिलेला असायचा. गिऱ्हाईक म्हणायचा, कानडीत आहे तसंच मराठीत करा, बदल करू नका. पैसे त्याचे, पाटी त्याची.

आणि इंग्रजी ओन्लीही ‘मात्र’सारखाच ‘पण’ होतो, हे तुम्ही म्हणायच्या आत म्हणून घेतो. ‘आय वुड हॅव कम, ओन्ली आय हॅड नो टाइम.’ आलो असतो, मात्र वेळ नव्हता. ‘फक्त’ हा शब्द तर अरबी, फार्सीतनं आपल्या दफ्तरात आला, आणि तोही तेच करतो. ‘येतो मी, फक्त थोडा उशीर होईल.’ संस्कृत, अरबी, इंग्रजी, तिघं तीन मुलखांचे आणि चालले एकाच वाटेनं. एकटेपणा सांगता सांगता अट सांगायला लागले.

चेकवरचा ओन्ली मात्र कुंपण घालायच्याच कामाचा. ‘रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली’, म्हणजे इथं रक्कम संपली, पुढं कोणी काही जोडायचं नाही. मराठीत ‘पाचशे फक्त’ किंवा ‘पाचशे मात्र’, कानडीत ‘मात्र’. माझ्या मते ओन्ली शेवटी लावायची आपली सवय निम्मी च मुळं लागली आणि निम्मी पावती पुस्तकांमुळं. शेकड्यांनी लोकांनी इंग्रजीतला पहिला शब्द जो स्वतःच्या हातानं लिहिला तो रकमेच्या मागचा ओन्ली असेल.

व्याकरण_शुद्ध

चर्चा रंजक आहे, परंतु मूळ मुद्दा हरवतो आहे. हे इंग्रजी चूक आहे, एवढेच सांगावे. ओन्ली ज्या शब्दाला लागू आहे त्याच्या लगेच आधी यायला हवा. बाकी सर्व सबबी आहेत. भगिनींना एखादे चांगले व्याकरणाचे पुस्तक घेऊन द्यावे.

शहापूरचा_कंपोझिटर

सर, नियम तुम्ही सांगता तो अठराव्या शतकातल्या इंग्रज व्याकरणकारांचा. तो इंग्रजांनीच कधी पाळला नाही. ‘आय ओन्ली सॉ हिम येस्टरडे’ असं ते रोज बोलतात आणि अर्थ घ्यायचा असतो ‘कालच बघितलं’. ओन्ली बसलाय ‘सॉ’च्या आधी आणि लागतोय ‘येस्टरडे’ला. फाउलर नावाच्या इंग्रजी भाषेच्या जाणकारानं 1926 साली या शुद्धतावाल्यांना चांगलंच झापलं. त्याचं म्हणणं असं की घोटाळा होत नसेल तर ओन्लीला त्याच्या रुळलेल्या जागी बसू द्यावं, ओढून नेऊ नये. तेव्हा नियमाचा दंडुका नको. घोटाळा होतोय का, एवढंच बघायचं. ताईंच्या बहिणीच्या वाक्यात झाला, म्हणून ते बदलायचं. ‘टुडे ओन्ली आय केम’ असं तिनं खानापूरच्या मैत्रिणीला सांगितलं असतं तर एक अक्षर बदलायची गरज नव्हती.

या बाबतीत मराठीचं मला कौतुक वाटतं. मराठीत च कुठं लागलाय याचा घोटाळा होऊच शकत नाही. आपल्या बेळगावची मिठाई कुंदाच घ्या. ‘मीच काल कुंदा खाल्ला’ म्हणजे दुसऱ्या कोणी नाही. ‘मी कालच कुंदा खाल्ला’ म्हणजे इतक्यात परत नको. ‘मी काल कुंदाच खाल्ला’ म्हणजे जेवलो नाही. ‘मी काल कुंदा खाल्लाच’ म्हणजे डॉक्टर नको म्हणाले होते. चौथ्याला तर इंग्रजीत ओन्ली चालतच नाही, तिथं ‘डिड’ आणून बसवावा लागतो. इंग्रज माणूस बोलताना हे सगळं आवाजानं करतो. लिहिताना त्याची पंचाईत होते, आणि मग तो ओन्लीच्या जागेवरनं भांडत बसतो.

कॅम्पातला_पोरगा

कुंद्याचं चौथं वाक्य आमच्या आज्जीला लागू हाय. ‘ओन’चं माझं मागं घेतो.

काका, मग ‘लोन्ली’ पण ‘ओन्ली’चाच भाऊ का?

शहापूरचा_कंपोझिटर

चुलत. ‘अलोन’ची पुढची अ उडाली आणि ‘लोन’ राहिला. त्याला परत ‘ली’ लावून ‘लोन्ली’. ‘लोन’मधला ल ‘ऑल’मधनं राहिलेला आहे, ‘ओन्ली’त तो नाही. आणि बँकेचं लोन वेगळं, ते घेतल्यावर एकटं वाटतं ही गोष्ट निराळी.

अनगोळची_लेक

काका, तुमचं सगळं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. ‘साहेबाचा काय दोष’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं, त्यामुळं घरात आता एकच पक्ष मोठ्यानं बोलायलाय. बहिणीनं साहेबाला कळवलं, मीटिंग व्हिडिओवर झाली, तिकिटाचा विषय मिटला.

तिचं म्हणणं एवढंच, की मग लिहायचं काय? ‘बेळगावातच आहे’ हे इंग्रजीत सांगायचं कसं? आणि तिच्या टीममधले अर्धे लोक ओन्लीच्या जागी ‘इटसेल्फ’ वापरतात. ‘आय विल सेंड इट टुडे इटसेल्फ.’ ते तरी बरोबर का?

शहापूरचा_कंपोझिटर

‘आय विल बी इन बेळगावी ऑल वीक’ म्हणावं. आठवडाभर इथंच, विषय संपला. किंवा ‘आय अ‍ॅम स्टेइंग इन बेळगावी दिस वीक’. ‘स्टेइंग’ म्हटलं की हलत नाही हे आपोआप आलं, च लावायची गरजच राहत नाही. इंग्रजीत पुष्कळदा असंच करायचं, च ला शब्द शोधत बसायचं नाही, क्रियापद बदलायचं. ‘इथंच शेजारी’ असेल तर ‘राइट हिअर’. ‘आत्ताच आलो’ला ‘आय हॅव जस्ट कम’.

‘टुडे इटसेल्फ’ हा त्याच च चा दुसरा अवतार. ओन्लीपेक्षा बरा, कारण तो मागच्याच शब्दाला लागतो, पुढच्यावर उडी मारत नाही, म्हणून बहिणीच्या मेलसारखा घोटाळा करत नाही. पण लंडनच्या माणसाला तो विचित्र वाटणार. त्याला ‘बाय द एंड ऑफ टुडे’ लिहावं, वेळही पक्की होते. जुन्या वळणाचे लोक ‘धिस व्हेरी डे’ म्हणायचे, म्हणजे ‘आजच्याच दिवशी’. तो ‘व्हेरी’ म्हणजे आपल्या ओळखीचा ‘फार’ नव्हे. तो फ्रेंचांकडनं आला तेव्हा त्याचा अर्थ ‘खरा’ असा होता. त्याच्यावर लिहायचं तर वेगळा धागा काढा कोणीतरी, मी दुपारी जेवून येतो.